पहिली लोणकढी माफ

१९०३ साली फ्रेंच विज्ञानकादंबरीकार ज्यूल व्हर्न पंचाहत्तरीला आले होते. भेटायला आलेल्या एका पत्रकाराने त्यांच्यासमोर एच. जी. वेल्स या तरुण इंग्रज लेखकाचं नाव काढलं आणि म्हातारबाबा तापले. मी भौतिकशास्त्र वापरतो, तो मनाने रचतो, असा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ. मी चंद्राकडे माणसं पाठवली ती तोफगोळ्यात बसवून. हा गृहस्थ गुरुत्वाकर्षण बंद पाडणारा कसला तरी धातू काढतो आणि त्याचं यान करतो. कुठाय तो धातू? दाखवा म्हणावं आणून.

सव्वाशे वर्षं होत आली तरी विज्ञानपट आणि विज्ञानमालिका बघणाऱ्यांची भांडणं याच वळणाने जातात. एकाला ‘ग्रॅव्हिटी’ थोर वाटतो, दुसरा म्हणतो त्यातलं अंतराळच खोटं आहे. ‘इंटरस्टेलर’च्या शेवटी एकाच्या डोळ्यांत पाणी येतं, शेजारच्याचं नेमकं तिथेच डोकं फिरतं. बोलत असतात दोघं एकाच सिनेमाबद्दल, पण एक किलोत मोजतो आणि दुसरा लिटरमध्ये. ही मापं सुटी करून बघितली की भांडण मिटत नाही. निदान कशावरून चाललंय ते कळतं.

गंमत अशी की व्हर्न यांची तोफही गणितात बसत नाही. कादंबरीतली तोफ ९०० फूट लांब. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला साधारण ११ किलोमीटर वेग लागतो. शून्यापासून तो वेग ९०० फुटांत गाठायचा, तर आत बसलेल्यांवर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येणार. लढाऊ विमानाचे वैमानिक खास सूट घालून नऊ पटींपर्यंत कसंबसं सोसतात. व्हर्न यांचे तिघे प्रवासी तोफेच्या तोंडाशी पोचायच्या आधीच गोळ्याच्या तळाला चटणीसारखे लागले असते.

म्हणजे थापा दोघांनीही मारल्या. व्हर्न यांच्या थापेला आकडे चिकटवलेले होते एवढंच. तरीही दोघांची पुस्तकं आजवर वाचली जातात. तेव्हा ‘यात थाप आहे का?’ या प्रश्नाने कुणाचंच भलं होत नाही. थाप कुठे मारली आणि मारल्यावर तिच्याशी इमान राखलं का, हे विचारायला हवं.

एका थापेची मुभा

हे सगळ्यात नीट कुणी सांगितलं असेल तर खुद्द वेल्स यांनी. १९३०च्या दशकात त्यांच्या कादंबऱ्यांची एकत्रित आवृत्ती निघाली, तिच्या प्रस्तावनेत. वाचकाच्या गळी एकच अशक्य गोष्ट उतरवायची आणि बाकी सगळं घरगुती, रोजच्यासारखं ठेवायचं, असा त्यांचा सल्ला होता. कारण जिथे काहीही घडू शकतं, तिथे कशातच रस उरत नाही.

मी याला आपल्या भाषेत ‘पहिली लोणकढी माफ’ म्हणतो. कथा सुरू होताना एक थाप मारायची परवानगी, तीही मोठी. पण त्या थापेचे जे काही नियम ठरतील ते मग कथेने पाळायचे, स्वतःची अडचण झाली तरी. अडचण झाली तर उलट जास्तच पाळायचे.

याचं आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे १९८७चा ‘मिस्टर इंडिया’. मनगटावरच्या यंत्राने माणूस अदृश्य होतो. शास्त्राच्या परीक्षेत हा भोपळा. आपल्याला दिसतं ते डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश अडतो, शोषला जातो म्हणून. जो प्रकाश आरपार निघून गेला तो दिसण्याच्या काय कामाचा? तेव्हा खराखुरा अदृश्य माणूस ठार आंधळा असणार. पण सिनेमाने त्या थापेला एक अट घातली: लाल प्रकाशात तो दिसतो. का दिसतो, याला काडीचा आधार नाही. मात्र या अटीने कथेला धाक आला. खोलीत लाल दिवा लागला की पोटात गोळा यायचा. आम्ही पोरं टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून वाड्यात अदृश्य माणसं शोधत हिंडायचो, आणि खेळातही कुणी तो नियम मोडला तर मारामारी व्हायची. पोरांना जो नियम इतका पक्का कळतो, तो लेखकाने नीट बांधलेला असतो.

अमुक विज्ञानपट ‘पटला नाही’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना शास्त्र खटकलेलंच नसतं. सिनेमाने आधी एक सांगितलं आणि नंतर सोयीने दुसरं केलं, हे खटकलेलं असतं. पण हे नेमकं शब्दांत पकडता येत नाही, म्हणून मग हाताशी असलेला शास्त्राचा दंडुका उचलला जातो.

दोन कक्षा आणि एक दोरी

माझा मावसभाऊ यंत्र अभियंता आहे. २०१३ साली ‘ग्रॅव्हिटी’ बघून आम्ही थिएटरबाहेर आलो ते भांडतच, आणि ते भांडण अजून चालू आहे. त्यात दोन निरनिराळे मुद्दे आहेत. ते वेगळे काढून सांगतो, कारण चूक आणि लबाडी यांतला फरक इथे जितका स्वच्छ दिसतो तितका फार कमी सिनेमांत दिसतो.

पहिला मुद्दा कक्षांचा. सिनेमात अंतराळवीर हबल दुर्बिणीपाशी काम करत असताना अपघात होतो आणि ते पाठीवरच्या यंत्राने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे जातात. प्रत्यक्षात हबल साधारण ५४० किलोमीटर उंचीवर, स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास. पण खरी भानगड उंचीची नाहीच, कोनाची आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते, स्थानकाची ५१.६ अंशांचा. एका चेंडूवर दोन रबरबँड तिरके चढवले तर ते एकमेकांना छेदतात खरे, पण छेदतात तिथे त्यांच्या दिशा वेगळ्या असतात. उड्डाणपुलावरून भरधाव जाणाऱ्या गाडीतून खालच्या रस्त्यावर आडव्या जाणाऱ्या गाडीत उडी टाकण्यासारखं ते आहे, आणि इथे गाड्या सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळताहेत. नुसती दिशा वळवायला सेकंदाला किमान तीन किलोमीटर इतका वेगबदल लागेल. नासाने १९८०च्या दशकात पाठीवर बांधायचं जे यंत्र खरोखर वापरलं, त्याची सगळी ताकद मिळून सेकंदाला सुमारे २५ मीटर. शंभरपटीने अपुरी.

एवढी ढळढळीत चूक, तरी मला ती अजिबात खुपत नाही. ती सिनेमाची पहिली लोणकढी आहे: ‘समजा, ही ठिकाणं एकमेकांच्या टप्प्यात आहेत.’ बरं, समजलो. बुडत्या माणसाने एका लाकडावरून दुसऱ्या लाकडाकडे पोहत जावं तशी ती कथा आहे. लाकडं जवळ हवीत, त्याशिवाय कथाच नाही.

दुसरा मुद्दा दोरीचा. (सिनेमा बघायचा राहिला असेल तर हा परिच्छेद सोडा.) स्थानकापाशी पोचल्यावर दोघे पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकून थांबतात. मग नायक नायिकेला म्हणतो, माझ्यामुळे तूही ओढली जाशील, मला सोड. आणि तो स्वतःच दोरी सुटी करतो. सुटल्याबरोबर तो लांब लांब जातो. कुणाच्या ओढीने? दोघे थांबलेले असतील तर त्याला ओढणारं तिथे काहीच नाही. दोरीला हलकासा हिसका दिला असता तर तो गुमान तिच्याकडे आला असता. जमिनीवर कड्याला लटकलेला माणूस हात सुटला की पडतो, कारण खाली पृथ्वी आहे. हा प्रसंग तो कडा अंतराळात नेऊन ठेवतो, पण ओढणारी पृथ्वी द्यायला विसरतो. इथे मात्र माझी सहनशक्ती संपते. कारण या चुकीवर एका माणसाचं मरण उभं आहे. सुरुवातीपासून ज्या सिनेमाने ‘इथे सुटलेली वस्तू सरळ जात राहते’ हा नियम आपल्या हाडात मुरवला, तोच सिनेमा रडवायची वेळ आल्यावर नियम गुंडाळून ठेवतो.

मावसभाऊ म्हणतो, ते थांबलेलेच नव्हते. दोऱ्या अजून ताणल्या जात होत्या, वेग शिल्लक होता. या बचावात दम आहे, नाही असं नाही. पण मग तो ताण पडद्यावर दिसायला हवा होता, असं मी म्हणतो, आणि चहाची दुसरी फेरी येते.

याच्या शेजारी २०१५चा ‘द मार्शियन’ ठेवून बघा. अँडी वीअर यांनी ही कादंबरी आधी आपल्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली होती आणि शास्त्र जाणणारे वाचक त्यांना चुका दाखवायचे. इतकी तावून सुलाखून निघालेली कथा सुरू कशाने होते, तर धादांत खोट्या वादळाने. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. तिथला ताशी दीडशे किलोमीटरचा वारा अंगाला आपल्याकडच्या ताशी वीसेक किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच लागेल. टोपी उडेल फार तर, यान कलंडणार नाही. वीअर यांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते उघड कबूलही केलंय. माणसाला मंगळावर एकटं पाडायला काहीतरी हवं होतं. पण थाप सुरुवातीला, आणि एकच. त्यानंतर प्रत्येक बटाटा, पाण्याचा प्रत्येक थेंब हिशेबाने. म्हणून मी ‘द मार्शियन’ची चूक पोटात घालतो आणि ‘ग्रॅव्हिटी’ची दोरी पोटात घालत नाही, जरी मोजदाद केली तर मंगळावरचं ते वादळ जास्त मोठं असत्य ठरेल.

जाता जाता आवाजाबद्दल. हवा नाही तिथे आवाज नाही, हे खरं. दिग्दर्शक कुब्रिक यांनी १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त ते पाळलं आणि ती शांतता अंगावर येते. पण अंतराळात व्हायोलिनही वाजत नसतं आणि पार्श्वसंगीताबद्दल कुणाची तक्रार नाही. स्फोटाच्या आवाजावरून चाललेल्या भांडणात मी पडत नाही.

काढून बघा

दुसरं माप याहून वेगळं, आणि मला अधिक आवडणारं. सिनेमातलं विज्ञान मनातल्या मनात काढून टाका. कथा जशीच्या तशी उभी राहिली तर ते विज्ञान म्हणजे लग्नातला मांडव होता. कोसळली तर तो खांब होता.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) यावर तासून बघू. यामागे किप थॉर्न होते, ज्यांना पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, अशी अट दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी घातली. थॉर्न यांना आधी हे अशक्य वाटलं. मग त्यांनी आकडेमोड केली, आणि कृष्णविवर जवळजवळ कमाल शक्य वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर बसतं असं निघालं. गुरुत्वाकर्षण जितकं तीव्र, तितकं घड्याळ मंद. हे आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्तातूनच येतं. आपल्या फोनमधल्या जीपीएसच्या उपग्रहांनाही याच कारणाने घड्याळं दुरुस्त करून पाठवावी लागतात.

आता तो प्रसंग आठवा. बाप ग्रहावरून काही तासांनी परत येतो. यानावर त्याच्यासाठी २३ वर्षांचे निरोप साठलेत. एकापाठोपाठ एक लावत जातो आणि समोर त्याची पोरं मोठी होतात, संसार थाटतात, दुःखं भोगतात, निरोप धाडायचं थांबवतात. इथून सापेक्षता काढा, उरतं काय? काही नाही. मराठीत परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांवर ढीगभर कथा आहेत, त्यांत आणखी एक. सापेक्षतेमुळे ती ताटातूट अशी होते की बापाचा दोष नाही, पोरांचा नाही आणि वेळ मात्र गेलेला. विज्ञान इथे खांब आहे.

आणि त्याच सिनेमाच्या शेवटी कृष्णविवराच्या आत पुस्तकांचं कपाट निघतं. ‘हे शास्त्रात बसत नाही’ असं ओरडणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण आत काय असतं ते कुणीच बघितलेलं नाही. माझा आक्षेप वेगळा. अडीच तास या सिनेमाने ‘निसर्ग तुमच्या भावनांची पर्वा करत नाही’ हे सांगून आपल्याला हलवलं आणि शेवटी निसर्गालाच भावनांच्या कामाला जुंपलं. लोणकढी क्रमांक दोन, तीही उशिरा.

एक गोष्ट मात्र चाहत्यांच्या भांडणात फारशी येत नाही. या सिनेमातल्या कृष्णविवराची चित्रं खऱ्या समीकरणांवरून काढली होती. त्यावर २०१५ साली शोधनिबंधही निघाला. समीकरणांनुसार तेजाच्या कड्याची एक बाजू जास्त उजळ दिसायला हवी, कारण त्या बाजूचा वायू आपल्या दिशेने धावत असतो. प्रेक्षक गोंधळतील म्हणून पडद्यावर ते मुद्दाम समान उजळ ठेवलं. एप्रिल २०१९मध्ये खऱ्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली, तिच्यात खालची बाजू ठळक उजळ आहे.

कृष्णविवरावरून जयंत नारळीकर आठवतातच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. केंब्रिजहून परतलेल्या नामवंत शास्त्रज्ञाची कथा आहे हे परीक्षकांना कळू नये म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. दिग्दर्शकाचं नाव झाकून सिनेमा बघायची सोय असती, तर निम्म्या चाहत्यांची मतं बदलली असती अशी मला दाट शंका आहे.

‘काढून बघा’ हे माप ‘स्टार वॉर्स’ला लावलं तर मांडव अलगद निघून येतो. राजकन्या, काळा राक्षस, म्हातारा गुरू, तलवारी. यान काढून घोडे दिले तरी कथा चालेल. म्हणून १९७७च्या पहिल्या सिनेमातल्या त्या ‘बारा पारसेक’वरून चाललेल्या वादाचं मला हसू येतं. पारसेक हे अंतराचं माप, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं, आणि तिथला कप्तान त्याने आपल्या यानाच्या वेगाची बढाई मारतो. ‘मी पुण्याहून कोल्हापूर अमुक किलोमीटरमध्ये गाठलं’ असं म्हणण्यासारखं. चाहत्यांनी चाळीस वर्षं खपून त्याचं समर्थन शोधलं, की तो जवळचा धोक्याचा मार्ग होता, आणि २०१८च्या सिनेमाने ते पडद्यावर दाखवलंसुद्धा. परीकथेला पंचांगात बसवायचा हा खटाटोप. परीकथा म्हणून ती फर्मास आहे, तेवढं पुरे.

मालिकेचं दुखणं

सिनेमा एक थाप मारून दोन तासांत घरी जातो. मालिकेला तीच थाप घेऊन वर्षानुवर्षं नांदायचं असतं. लेखक बदलतात, नट सोडून जातात, पैसे कमी पडतात, आणि एका आठवड्याची सोय पुढच्या दहा वर्षांचा नियम होऊन बसते.

‘स्टार ट्रेक’ १९६६ साली सुरू झाली तेव्हा दर भागात नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणं खर्चात बसत नव्हतं. म्हणून माणसं इथे विरघळवून तिथे उभी करणारं यंत्र आलं. निव्वळ बजेटची सोय. पण मग संकटात सापडलेल्या माणसाला चटकन उचलून का आणत नाहीत? दर वेळी लेखकांना काहीतरी बिघाड शोधावा लागायचा. कधी वादळ, कधी खनिजं. शिवाय हायझेनबर्ग यांच्या तत्त्वानुसार कणाची जागा आणि गती दोन्ही एकाच वेळी अचूक कळूच शकत नाहीत, तेव्हा माणसाची हुबेहूब नोंद करणार कशी? पुढच्या मालिकेने यंत्रात ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचा भाग बसवला. तो कसा चालतो असं विचारल्यावर मालिकेचे कलाकार-सल्लागार मायकल ओकुडा यांनी उत्तर दिलं, की छान चालतो, आभारी आहे. लोणकढीचं हे तूप मी आनंदाने खातो, कारण मारणाऱ्याच्या डोळ्यांत मिश्कील भाव आहे.

ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’चं दुखणं आणखी मजेदार. १९६६ साली मुख्य नटाची तब्येत साथ देईना, तेव्हा मालिकेचा नायक असलेला डॉक्टर मरताना नवं शरीर घेतो अशी युक्ती काढली. १९७६च्या एका कथेत कुणीतरी मर्यादा लिहून टाकली: असं बाराच वेळा होऊ शकतं. तेव्हा बारा म्हणजे कधी न येणारा आकडा वाटला असणार. २०१३मध्ये तो आला. मालिका बंद करणं शक्य नव्हतं, मग कथेतच डॉक्टरला जन्मांचा नवा साठा बहाल केला गेला. नियम मोडला की वाकवला, यावर चाहते अजून दोन्ही बाजूंनी भांडतात. मी वाकवला म्हणेन. निदान त्याच्यासाठी कथेत कुणाला तरी मागणं मागावं लागलं.

आणि हे दुखणं बऱ्यापैकी टाळलेली मालिका म्हणजे ‘द एक्स्पान्स’. तिची थाप एकच, कमी इंधनात अफाट जोर देणारं इंजिन. बाकी न्यूटनचा कारभार. यान अर्धी वाट वेग वाढवत जातं, मध्यावर उलटं फिरतं आणि उरलेली अर्धी वाट त्याच इंजिनाने वेग कमी करत जातं. इंजिन चालू असेतो पायाखाली वजन, बंद झालं की माणसं तरंगणार. लघुग्रहांवर कमी गुरुत्वात वाढलेल्यांना पृथ्वीवर नुसतं उभं राहणं म्हणजे छळ, आणि त्यांचं राजकारणच त्या हाडांमधून येतं. वाहिनीने २०१८ साली तीन सीझननंतर ती बंद केली, तेव्हा चाहत्यांनी पैसे जमवून अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक ओढणारं विमान उडवलं. अॅमेझॉनने मालिका घेतली आणि ती सहा सीझन चालली. (परग्रहावरून आलेला तो निळा चमकता पदार्थ ही दुसरी थाप नाही का, असं मावसभाऊ विचारतो. आहे. पण मालिकेतली सगळी माणसंही त्याच्याकडे थाप असल्यासारखीच बघतात.)

एवढं सगळं माप लावून दिलेला निकालही टिकतोच असं नाही. २५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ लागले आणि दोन्ही आपटले. आज दोन्ही अभ्यासाला लावतात. ‘२००१’च्या पहिल्या खेळांना लोक उठून गेले होते, कुब्रिक यांनी मग सुमारे १९ मिनिटं कापली. तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या मतावर पैज लावू नये.

दोरीचा निकाल आमच्या घरी अजून लागलेला नाही. परवा मावसभावाचा नवा मुद्दा आला: स्थानक त्या वेळी हळूहळू गोल फिरत होतं, म्हणून दोरीच्या टोकाचा माणूस बाहेर फेकला जात होता, गोफणीतल्या दगडासारखा. असं असेल तर मागचे तारे सरकताना दिसले पाहिजेत. दिवाळीत तो येणार आहे, तेव्हा तो प्रसंग थांबवत थांबवत बघायचा आणि तारे मोजायचे असं ठरलंय.